काचबिंदू आणि उशिरा फळणारे दान



मोतीबिंदूच्या शिबिराला दिलेल्या दानाचे फळ आपल्याला लगेच दिसते. आजोबांच्या डोळ्यावरची पट्टी निघते आणि ते नातवंडांचे चेहरे ओळखतात. काचबिंदूचे तसे नाही. या आजारात डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू निकामी होते, बहुधा काहीही न दुखता. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली मात्र जपता येते.

ती कशी जपावी, हे संशोधनातूनच कळते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे १९७८ साली ‘ग्लॉकोमा रिसर्च फाउंडेशन’ ही देणग्यांवर चालणारी संस्था स्थापन झाली. डोळ्यातील दाब वाढलेला नसतानाही काहींना काचबिंदू होतो. अशांचा दाब आणखी उतरवून उपयोग होतो का, याचा अभ्यास संस्थेच्या मदतीने अनेक वर्षे चालला. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचाराविना ठेवलेल्या डोळ्यांपैकी ३५ टक्क्यांत आजार वाढला. दाब ३० टक्क्यांनी उतरवलेल्यांत फक्त १२ टक्क्यांत.

ज्यांनी देणग्या दिल्या, त्यांनी हे रुग्ण कधी पाहिले नसतील. न पाहिलेल्या माणसासाठी देणे, हीदेखील शेजारप्रीतीच आहे.

म्हणून आपण दोन गोष्टी करू या. चाळिशी उलटली असेल किंवा आईवडील, भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर डोळे तपासून घेऊ या. आणि दान बाजूला काढताना शिबिरांबरोबर संशोधनाचीही आठवण ठेवू या.