आले किती, गेले किती?

घाना हा पश्चिम आफ्रिकेतला देश. दक्षिणेला समुद्र, पूर्वेला टोगो, पश्चिमेला आयव्हरी कोस्ट. १९५७ साली तो इंग्रजांच्या सत्तेतून मोकळा झाला. तिथे कोकोचे पीक मोठे. मळ्यांत काम मिळे, म्हणून शेजारच्या देशांतली माणसे तिकडे येत. १९६० च्या शिरगणतीत दर १०० माणसांत सुमारे १२ माणसे परदेशी वंशाची होती.

देशात माणसे येतात, देशातून जातात. येणाऱ्यांतून जाणारे वजा केले, की उरते ते निव्वळ स्थलांतर. वजाबाकी येते ना? मग हेही येईल.

पण सरहद्द लांब आणि रानवाटा पुष्कळ. प्रत्येक वाटेवर कारकून कोण बसवणार? त्यावर एक तोड आहे.

समजा, एका गावात ५०० माणसे होती. दहा वर्षांत १५० मुले जन्मली, ६० माणसे वारली. कोणी आले-गेले नसते, तर गावात ५९० माणसे हवीत. मोजली, तर भरली ५७०. मग २० गेली कुठे? गाव सोडून गेली. निव्वळ स्थलांतर उणे २०. देशाचा हिशेबही असाच. मात्र जन्ममृत्यूची नोंद चुकली, की उत्तर चुकले.

आणि उणे २० म्हणजे वीसच माणसे गेली, असे समजू नका हं. कदाचित ७० गेली असतील, ५० नवी आली असतील.

आता घानात काय झाले ते पाहा. नोव्हेंबर १९६९ मध्ये सरकारने हुकूम काढला. ज्या परदेशी माणसांजवळ राहण्याचा परवाना नाही, त्यांनी दोन आठवड्यांत तो मिळवावा, नाहीतर देश सोडावा. कित्येकांचा जन्मच घानात झालेला, पण कागद कुठला? माणसे निघाली. मळ्यांत मजूर मिळेनात. १९७० च्या शिरगणतीत परदेशी वंशाची माणसे शंभरात सातही भरली नाहीत.

पुढे पारडे फिरले. नायजेरियात तेलाचा पैसा आला, घानात टंचाई वाढली. घानाची माणसे नायजेरियात गेली. जानेवारी १९८३ मध्ये तिथल्या सरकारने परवाना नसलेल्यांना घालवले. सुमारे १० लाख माणसे चौकटीच्या मोठ्या पिशव्यांत संसार भरून घानात परतली.

१९७० नंतरची शिरगणती झाली १९८४ साली. जो १९७८ ला गेला आणि १९८३ ला परत आला, तो १९७० ला घरी, १९८४ लाही घरी. हिशेबाच्या लेखी तो कधी गेलाच नाही! त्याचे हाल आकड्यात कुठेच नाहीत.

म्हणून नुसती वजाबाकी पुरत नाही, विचारावेही लागते. २०१० च्या शिरगणतीत घानात घरोघर विचारले, "तुमच्या घरचे कोणी परदेशात आहे का?" पण सगळे घरच गेले असेल, तर सांगणार कोण?

तेव्हा आकडा दिसला, की दोन गोष्टी विचाराव्या. तो कसा काढला? त्यात कोण राहून गेले?

अभ्यास
१. गावात ८०० माणसे होती. २०० जन्मली, ९० वारली. आता ९३० आहेत. निव्वळ स्थलांतर किती?
२. आकडा शून्य आला, तर कोणी गेलेच नाही असे म्हणता येईल का? का?