निलंबन (नोटीस बोर्डावरचं नव्हे!)

'सस्पेन्शन' या शब्दाचं शुद्ध मराठी करायला गेलं की 'निलंबन' होतं, आणि निलंबन म्हटलं की होस्टेलमध्ये सगळ्यांना एकदम नोटीस बोर्ड आणि रेक्टर सर आठवतात. म्हणून या लेखात मी सरळ सस्पेन्शन असंच लिहिणार आहे. विषय आहे, जुन्या मारुती ८०० चं पुढच्या चाकांचं सस्पेन्शन उतरवून पुन्हा बांधणे. मेकॅनिकलवाल्यांना यातलं अर्धं पाठ असेल. कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये, कारण जुनी गाडी तुमच्याही घरी असते आणि गॅरेजवाला बिल तुमच्याही बाबांच्याच हातात ठेवतो.

व्हायव्हाला 'सस्पेन्शनचं काम काय?' असं विचारलं की आपण 'धक्के शोषून घेणे' म्हणून मोकळे होतो. हे उत्तर अर्धंच आहे. स्प्रिंग धक्का साठवून ठेवते. शॉकअप (म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, पण गॅरेजमध्ये हा पूर्ण शब्द कोणी उच्चारत नाही) त्या ऊर्जेची उष्णता करून टाकतो, नाहीतर गाडी एका खड्ड्यानंतर पुढचा अर्धा किलोमीटर डोलत जाईल. आणि तिसरं काम म्हणजे चाक वरखाली होताना त्याला पुढेमागे, आतबाहेर हलू न देणं. पहिली दोन कामं बिघडली तर पाठ दुखते. तिसरं बिघडलं तर गाडी आपलं ऐकत नाही. गंमत म्हणजे हे तिसरं काम करणारे भाग सगळ्यात छोटे आणि सगळ्यात स्वस्त असतात : रबरी बुश आणि बॉल जॉइंट.

मारुती ८०० ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर आधी जनरल मोटर्समध्ये एका छोट्या गाडीवर काम करत होता. तो प्रकल्प गुंडाळला गेला, १९४७ मध्ये तो फोर्डकडे आला, आणि १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सुल आणि झेफिर या गाड्यांना त्याचं हे डिझाईन बसलं. कल्पना अशी की वरचा आर्म काढूनच टाकायचा आणि शॉकअपचा दांडाच चाकाला उभा धरून ठेवण्यासाठी वापरायचा. स्प्रिंग त्याच्याभोवती. खाली एकच आर्म, टोकाला बॉल जॉइंट. जागा वाचली, सुटे भाग कमी झाले, आणि दोन चाकांच्या मध्ये इंजिन आडवं बसवायला जागा मिळाली. मारुतीसारख्या छोट्या, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीला याहून सोयीचं काय असणार!

मारुती ८०० मध्ये आणखी एक काटकसर आहे आणि या लेखापुरती तीच महत्त्वाची. तिचा लोअर आर्म म्हणजे 'ए' आकाराचा त्रिकोण नाही, एक साधी आडवी पट्टी आहे. आतल्या टोकाला एकच बुश. अशी पट्टी चाकाला आतबाहेर धरून ठेवू शकते, पण पुढेमागे नाही. ते काम कोण करतं? तर अँटीरोल बार, ज्याला आपल्याकडचे सगळे मेकॅनिक 'जंपिंग रॉड' म्हणतात. या रॉडची दोन्ही टोकं लोअर आर्ममधून रबरी बुशांमधून आरपार जातात आणि नटाने घट्ट होतात. म्हणजे वळणावर गाडी कलू न देणं आणि ब्रेक मारल्यावर चाक मागे जाऊ न देणं, अशा दोन नोकऱ्या एकाच रॉडकडे. एका पगारात!

आता गाडीकडे येऊ. आमच्या मेसच्या काकांची २००४ ची मारुती ८०० आहे. ते रोज पहाटे मार्केटमधून भाजी आणतात, मागची सीट काढून कांदा-बटाट्याची पोती टाकतात, आणि येताना घाट उतरतात. गाडी खडखडायला लागली होती आणि ब्रेक मारला की डावीकडे ओढायची. एका गॅरेजने न उचलताच सांगितलं, "दोन्ही शॉकअप गेले, बदला." काका म्हणाले, "पोरांनो, तुम्ही एवढं इंजिनिअरिंग शिकता, जरा बघा तरी खरंच गेलेत का." वर्कशॉपच्या सरांनी परवानगी दिली, वर्कशॉपमधले मामा देखरेखीला उभे राहिले आणि आम्ही चौघं कामाला लागलो.

आधी निदान, मग पाना. हे मामांचं वाक्य. पुढचं चाक उचलून गाडी घोडीवर ठेवायची (नुसत्या जॅकवर कधीही नाही, आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे). चाक घड्याळ समजा. १२ आणि ६ वर हात धरून हलवून बघा. खेळ जाणवला तर तो बेअरिंगचा किंवा बॉल जॉइंटचा. कुठला ते कसं कळणार? गाडीत बसलेल्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल एकमेकांना जखडले जातात, म्हणजे बेअरिंगचा खेळ गायब होतो. तरीही चाक हलत असेल तर दोषी बॉल जॉइंट. पाठ्यपुस्तकात शोधूनही मला ही युक्ती सापडली नव्हती. मग ९ आणि ३ वर हात धरून हलवा, तिथला खेळ टाय रॉड एंडचा किंवा स्टिअरिंग रॅकचा. शेवटी जंपिंग रॉडजवळ छोटी पहार घालून हळूच ढकलून बघा.

निकाल असा लागला : डावा बॉल जॉइंट ढिला. जंपिंग रॉडचे टोकाचे बुश दोन्हीकडे संपलेले, डावीकडे तर रबर भुसा होऊन गळत होतं. डाव्या स्ट्रटवर तेल ओघळलेलं, उजवा बरा. डावं वरचं माउंटिंग हाताने फिरवलं की करकरत होतं. म्हणजे गॅरेजवाला पूर्ण चुकीचा नव्हता, एक शॉकअप खरंच गेला होता. पण त्याच्या सल्ल्याप्रमाणे नुसते शॉकअप बदलले असते तर आवाज थोडा कमी झाला असता, काकांना वाटलं असतं काम झालं, आणि तो ढिला बॉल जॉइंट घेऊन ते पुन्हा घाटात गेले असते. बॉल सॉकेटमधून निसटला की नकलचं खालचं टोक मोकळं होतं, चाक बाहेर मुडपतं आणि गाडीचं नाक रस्त्यावर बसतं. स्टिअरिंग हातात असतं, पण फिरवून उपयोग नाही. म्हणून मला वाटतं, "आवाज कुठून येतो" यापेक्षा "चाक कशाने धरलंय" हा प्रश्न आधी विचारावा.

उतरवण्याच्या कामात फार लिहिण्यासारखं नाही, ते कष्टाचं काम आहे. वीस वर्षांचा गंज! आदल्या संध्याकाळी सगळ्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं, चहाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत. ब्रेक कॅलिपर काढला तर तो तारेने वर बांधून ठेवायचा, रबरी नळीला लोंबकळत ठेवायचा नाही. आणि लोअर आर्म सुटला की नकल बाहेर ओढायचा मोह होतो, तो आवरायचा. ड्राईव्ह शाफ्ट आतल्या बाजूने गिअरबॉक्समधून सरकला तर ऑईल खाली आणि काम दुप्पट.

इथे एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. स्ट्रट बाहेर काढल्यावर वर मधोमध एक नट दिसतो. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबून मोकळी केल्याशिवाय तो नट कुणीही सोडवायचा नाही. का, ते गणितानेच बघू. उदाहरणादाखल स्प्रिंगचा स्टिफनेस २० न्यूटन प्रति मिलिमीटर धरला आणि ती १०० मिमी दाबलेली असेल, तर बल २००० न्यूटन आणि साठवलेली ऊर्जा अर्धा गुणिले २०,००० गुणिले ०.१ चा वर्ग, म्हणजे १०० ज्यूल. दहा किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडावं तेवढी. फरक इतकाच की इथे ती ऊर्जा हलक्या लोखंडी टोपीला मिळते, त्यामुळे वेग भयंकर असतो, आणि आपला चेहरा नेमका त्या नटावर वाकलेला असतो. रस्त्यावर काही ठिकाणी दोरीने बांधून हे काम करतात ते मी पाहिलं आहे. आम्ही दोन्ही बाजूंना समोरासमोर कॉम्प्रेसरचे आकडे लावून, आलटून पालटून थोडं थोडं आवळलं, आणि स्प्रिंग आपल्या बैठकीत हाताने फिरायला लागल्यावरच नटाला पाना लावला.

स्ट्रट दोन्ही बाजूंचे बदलले. उजवा चांगला असताना का? कारण नवा आणि जुना शॉकअप एकाच एक्सलवर असले की दोन चाकं वेगवेगळ्या वेळेत शांत होतात आणि खराब रस्त्यावर ब्रेक मारताना गाडी सरळ राहत नाही. लोअर आर्म बॉल जॉइंटसकट पूर्ण घेतले, म्हणजे आतला बुशही नवीन आला. स्प्रिंगा त्याच ठेवल्या, दोन्हींची मोकळी उंची मोजली तर सारखी होती.

बुश बसवताना ग्रीस लावू नका. पेट्रोलियमपासून केलेल्या ग्रीसने रबर फुगतं आणि मऊ पडतं. साबणाचं पाणी पुरतं. मेसमधला भांड्यांचा साबण चालला.

आता या लेखाचा खरा मुद्दा. नवे आर्म बसले, बोल्ट आत गेले, गाडी घोडीवर आहे, चाकं हवेत लोंबतायत आणि सगळ्यांना भूक लागलीये. अशा वेळी हातासरशी बोल्ट पूर्ण आवळून टाकावेसे वाटतात. थांबा! लोअर आर्मचा आतला बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. त्यात दोन धातूच्या नळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याला जखडली जाते, बाहेरची आर्मला. आर्म हलतो तेव्हा काहीही फिरत नाही, रबर फक्त पिळलं जातं. आर्म ३०० मिमी लांब धरा आणि चाक हवेत असताना त्याचं टोक नेहमीच्या उंचीपेक्षा ८० मिमी खाली आहे असं धरा. साइन इन्व्हर्स काढा, साधारण १५ अंश येतात. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर टेकताच रबर १५ अंश पिळलेलं, आणि ते कायमचं. गाडी उभी असतानाही. मग प्रत्येक खड्ड्यात त्याच्यावर आणखी पीळ. असं रबर काही महिन्यांत फाटतं आणि आपण म्हणतो, "हल्लीचे स्पेअर पार्ट डुप्लिकेट असतात." पार्ट चांगला असतो हो, आवळायची वेळ चुकलेली असते.

म्हणून काम सुरू करण्याआधीच, गाडी चाकांवर उभी असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून खडूने दारावर लिहून ठेवावं. बोल्ट नुसते टेकवावेत. मग जॅक आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली लावून ते अंतर परत येईपर्यंत चाक उचलावं, किंवा सरळ गाडी जमिनीवर उतरवून, दोनदा नाक दाबून डोलवून, खालून बोल्ट आवळावेत. आमच्याकडे वर्कशॉपचा पिट होता म्हणून दुसरी पद्धत सोपी गेली. जंपिंग रॉडचे नटसुद्धा गाडी चाकांवर असतानाच. टॉर्क किती, ते मॅन्युअलमध्ये बघून टॉर्क रेंचनेच. 'हाताला कळतं' हे मामांच्या बाबतीत खरं आहे. आपल्या बाबतीत नाही.

शेवटी अलाइनमेंट. या गाडीत कॅम्बर आणि कॅस्टर बदलायची सोय नाही, टो तेवढा टाय रॉडवरून जुळवता येतो. नवे स्ट्रट आणि आर्म बसल्यावर तो हललेलाच असतो. मशीनवर नेण्यापुरतं आम्ही मागच्या चाकांपासून पुढपर्यंत दोन्ही बाजूंना सुतळी ताणली, दोन्ही सुतळ्या एकमेकींना समांतर आहेत हे मोजून घेतलं, आणि रिमची पुढची व मागची कड सुतळीपासून किती लांब आहे ते बघितलं. डावं चाक चांगलंच बाहेर बघत होतं. अंदाजे सरळ करून काकांनी गाडी हळू चालवत अलाइनमेंटवाल्याकडे नेली.

दोनेकशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा पिटवर घेतली, कारण नवं रबर बसतं आणि नट किंचित सैल पडू शकतात. जंपिंग रॉडच्या उजव्या नटाने पाव फेरा घेतला, बाकीचे जागच्या जागी होते. डाव्या टाय रॉड एंडची जुनीच स्प्लिट पिन कुणीतरी परत घातलेली मामांना दिसली. ती काढून त्यांनी नवी घातली आणि जुनी आमच्यासमोर दोन बोटांनी मोडून दाखवली.