गटाचं दप्तर आणि तो जुना कॉम्प्युटर

अगं, किती घाबरून गेलीस! बचत गटाचं दप्तर तुझ्याकडे आलं, सोबत जुना कॉम्प्युटर आला, आणि उघडला की मायक्रोसॉफ्ट ऑफिसची मुदत संपल्याची पाटी. त्यात कुणीतरी म्हणालं, चोरीची कॉपी टाकून देतो. नको बघ. पै-पैचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बायका आपण, हे कशाला? लिबरऑफिस घे. त्यांच्याच साइटवरून उतरव, एक रुपया लागत नाही, आणि गटातल्या दहाजणींच्या घरी बसवलंस तरी ते कायदेशीरच.

फुकटचं म्हणजे कच्चं, असं मनात आणू नकोस. 2010 पासून जगभरची माणसं मिळून ते घडवतायत. पत्राला रायटर, हप्त्यांच्या हिशेबाला कॅल्क. बसवताना 'कस्टम' निवडून मराठीवर खूण कर, मग मेनूसुद्धा मराठीत करता येतील.

खरं सांगू का, मला धडा मिळाला तो जिल्ह्याच्या नावावरून. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि येडशीतल्या आपल्या गटाचे सगळे नमुने बदलायचे होते. रायटरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं, वर जुनं नाव, खाली नवं, आणि 'सगळे बदला'. क्षणात झालं. पण 2019च्या ठरावाची नक्कलही त्याच फाइलीत होती, तिथंही धाराशिव आलं! जुन्या कागदावर जुनंच नाव हवं ना गं. शिवाय 'उस्मानाबादेत'चं 'धाराशिवेत' झालं, तसं कोण बोलतं? रात्री बसून एकेक ओळ दुरुस्त केली. तू एकेक शब्द बघत बघत बदल, आणि त्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेव.

वीज जाते म्हणून धास्ती आहे ना तुला? टूल्स, ऑप्शन्स, मग लोड-सेव्ह, तिथं जनरलमध्ये जा. आपोआप जतन करण्याची वेळ दहा मिनिटं असते, ती दोन कर. वीज आली की लिबरऑफिस उघड, मागचं काम परत उघडायचं का, असं तेच विचारतं.

बँकेत फाइल पाठवताना मात्र 'सेव्ह ॲज' करून डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स निवड. त्यांच्याकडे वर्ड-एक्सेल असतं, तिथं ओळी थोड्या सरकू शकतात. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफच दे, अक्षर जसंच्या तसं जातं. जुनी एखादी फाइल उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर लिबरऑफिसला दोष देऊ नकोस, ती जुन्या फॉन्टमधली असते. ती युनिकोडमध्ये करून घ्यावी लागते.

एकदम सगळं शिकायला जाऊ नकोस गं. या महिन्याचे हप्ते तेवढे कॅल्कमध्ये भर, खाली एक बेरीज लाव, आणि ती वहीतल्या बेरजेशी जुळली की मला फोन कर.