एक उच्चार, दोन शब्द : ‘कास्ट’



इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर ‘कास्ट युवर व्होट’ हे वाक्य लिहिले. तेव्हा एका मुलाने विचारले, “गुरुजी, मताचीही जात असते का?” वर्ग हसला. परंतु हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळेच्या फॉर्मवर ‘कास्ट’चा रकाना त्याने पाहिलेला होता.

कानाला हा एकच शब्द वाटतो, मराठीत लिहितानाही फरक दिसत नाही. इंग्रजीत मात्र हे दोन शब्द आहेत. जातीच्या ‘कास्ट’ला शेवटी ‘ई’ हे अक्षर जास्त असते. दोघांची मुळेही निरनिराळी आहेत.

पहिला शब्द उत्तर युरोपातील जुन्या नॉर्स भाषेतून आला. तेथे ‘कास्टा’ म्हणजे फेकणे. कोळी जाळे टाकतो, ते ‘कास्ट’. वितळलेले लोखंड साच्यात ओततात, ते ‘कास्ट आयर्न’ म्हणजे बीड. नाटकातील पात्रयोजना ‘कास्ट’, मोडलेल्या हाडावरचे प्लॅस्टरही ‘कास्ट’. नको ते टाकून देणे म्हणजे ‘कास्ट ऑफ’ आणि मत देणे म्हणजेही ‘कास्ट’. या शब्दाच्या मुळाशी माणसाची कृती आहे.

दुसरा शब्द पोर्तुगीज ‘कास्टा’पासून आला. नॉर्स शब्दाशी त्याचे साम्य केवळ योगायोगाचे होय. याचा अर्थ वंश, अवलाद. द्राक्षाच्या वाणालाही पोर्तुगीज लोक आजही ‘कास्टा’च म्हणतात. ते १४९८ साली कालिकतला आले, १५१० साली त्यांनी गोवे घेतले आणि येथील जातींना हाच शब्द लावला. त्यांच्याकडून तो इंग्रजांनी उचलला. म्हणजे द्राक्षाच्या वेलीला लावायचा शब्द माणसाला लावला गेला!

पुष्कळ अभ्यासक या ‘कास्टा’चे नाते लॅटिनमधील ‘कास्टुस’ म्हणजे शुद्ध या शब्दाशी जोडतात, यावर एकमत नाही. इंग्रजी ‘चेस्ट’, म्हणजे शीलवान, हा शब्द मात्र निश्चितपणे त्याच ‘कास्टुस’पासून निघाला. येथे थोडे थांबून विचार करा. शुद्धी शीलात शोधावी की जन्मात? सुत्तनिपातातील वसल सुत्तात भगवान बुद्धांनी याचा निर्णय दिला आहे. माणूस नीच किंवा श्रेष्ठ ठरतो तो कर्माने, जन्माने नव्हे.

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पूज्य बाबासाहेबांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. जातीबाहेर विवाहास बंदी हेच जातीचे मर्म, असे त्यांनी त्यात दाखविले. ही बंदी माणसांनी घातली आहे, म्हणून माणसांना ती मोडताही येते. द्राक्षाच्या वाणाचे तसे नाही.

फॉर्मवरील रकाना अन्यायाच्या निवारणासाठी आहे, तो अवश्य भरा. मात्र मुलांना दोन्ही शब्दांतील भेद समजावून सांगा. त्या मुलाला मी उत्तर दिले, “बाळ, मताला जात नसते. मत टाकायचे असते, जात टाकून द्यायची असते.”