कापलेल्या भाताचा श्वास

हळवे भात ऑक्टोबरच्या सुरुवातीला कापणीला येते, पण पाऊस तोवर पुरता गेलेला नसतो. कर्जत-खालापूरच्या डोंगरपट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्याच्या शेवटच्या सरी हमखास खळ्यावर येतात. मग ठाकुरवाडीत झोडलेले ओलसर भात घाईघाईने गोण्यांत भरले जाते आणि गोण्या पडवीत एकावर एक चढतात. दोन दिवसांनी मधल्या गोणीत हात घातला तर आतले भात कोमट लागते. ऊन तर पडलेलेच नसते.

ही ऊब दाण्याच्या श्वासाची आहे. भाताच्या टोकाशी असलेला कोंब जिवंत असतो. त्याच्या पेशी दाण्यातला स्टार्च साखरेत बदलतात, हवेतला ऑक्सिजन वापरून ती साखर तोडतात आणि ऊर्जा मिळवतात. त्या ऊर्जेचा काही भाग पेशी एटीपी नावाच्या रेणूत साठवून कामाला लावतात, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइड आणि पाणीही सुटते. बिरड्यासाठी फडक्यात बांधलेल्या वालाची पुरचुंडी दुसऱ्या दिवशी कोमट लागते, तीही याच कारणाने. मोड येताना श्वसन जोरात असते.

गोणीतल्या भाताला मोड यावेत असे कुणालाच वाटत नसते, तरी ओल मिळाली की श्वसन वाढतेच. ओल्या भातावर बुरशीही वाढते. तीही श्वास घेते, आणि गरम झालेल्या गोणीतल्या उष्णतेत बऱ्याचदा तिचा वाटा दाण्याहून मोठा असतो.

आता हिशोब पाहू. एक क्विंटल भातातला फक्त एक किलो स्टार्च असा श्वसनात संपला, तर अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी तयार होते आणि सुमारे चार हजार किलोकॅलरी उष्णता सुटते. एवढ्या उष्णतेत 25 अंशांचे 50 लिटर पाणी उकळीला येईल. अर्थात ही उष्णता हळूहळू, दिवसांवर पसरून निघते. पण गोण्यांच्या थप्पीतून तिला बाहेर पडायला वाट नसते आणि सुटलेले पाणीही आतच राहते. त्या पाण्याने दाणे आणखी ओले होतात, ओलीने श्वसन आणखी वाढते. तांदूळ पिवळा पडणे, कुबट वास येणे, बियाणे न उगवणे ही या चक्राची फळे आहेत. वजनातली घट तर डोळ्यांना दिसतही नाही, कारण एक किलो स्टार्च हवेत गेला तरी गोणी भरलेलीच दिसते.

म्हणून भात वाळवणे म्हणजे श्वसनाचा वेग कमी करणे. खाण्याच्या भातात ओलावा 14 टक्क्यांच्या आत आणि बियाण्याच्या भातात 12 टक्क्यांपर्यंत आणावा. सरकारी खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांपर्यंतचे भात चालते, पण ते माप खरेदीचे आहे. तेवढे ओले भात घरात महिनोन्महिने ठेवता येत नाही. बियाण्याबाबत हॅरिंग्टन या बीजशास्त्रज्ञाचा एक ठोकताळा जगभर वापरला जातो: 5 ते 14 टक्क्यांच्या दरम्यान ओलावा एका टक्क्याने उतरला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते.

ओलावा मोजायचे यंत्र वाडीवर कुठून असणार! त्याऐवजी कोरडी काचेची बाटली आणि तव्यावर गरम करून गार केलेले मीठ पुरते. बाटलीत दोन-तीन चमचे मीठ घालून तिसरा हिस्सा भरेल एवढे भात टाकावे, मिनिटभर हलवावे आणि पाव तास ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, भात पुन्हा उन्हात घालावे. वाळवताना थर पातळ ठेवून भात वारंवार उलथावे. संध्याकाळी ते गोळा करून झाकावे, नाहीतर रात्रीचे दव दिवसाची मेहनत परत घेते. एकाच कडक उन्हात भात झटकन वाळवले तर दाण्याला तडे जातात आणि गिरणीत कणी जास्त पडते.

साठवणीच्या भांड्याबद्दल थोडे सविस्तर. शेणाने सारवलेली बांबूची कणगी हवा आणि वाफ थोडीफार बाहेर सोडते, त्यामुळे किंचित ओल राहिलेले भात तिच्यात सहसा तापत नाही. पण तीच हवा सोंडकिड्यालाही मिळते. प्लास्टिकच्या निळ्या पिंपाचे नेमके उलटे आहे. त्यात ओले भात भरून झाकण लावले की ऑक्सिजन लवकर संपतो, यीस्टसारखे सूक्ष्मजीव हवेविना साखर आंबवू लागतात आणि झाकण उघडताच आंबूस वास येतो. असे बियाणे पेरून उपयोग नसतो. पिंप फक्त खडखडीत वाळलेल्या धान्यालाच. कर्जतला 1919 पासून भात संशोधन केंद्र आहे आणि तिथून निघालेल्या कर्जत-3, कर्जत-7, कर्जत-184 अशा हळव्या जाती या भागात लावल्या जातात. जात कितीही चांगली असो, तिचे बियाणे ओले ठेवले तर राबात विरळ रोपे दिसणारच.

भातानंतर त्याच खाचरात वाल पेरताना श्वसनाचा प्रश्न जमिनीत जातो. भाताचे बी ऑक्सिजनविना काही काळ आंबवण्यावर तग धरते, पाण्याखालीही त्याचा कोंब वर येऊ शकतो. वालाला ते जमत नाही. ऑक्सिजन असताना साखरेच्या एका रेणूतून पेशीला सुमारे 30 एटीपी मिळतात, आंबवण्यातून अवघे दोन, आणि तेवढ्यावर वालाचे बी चिखलात फार दिवस जगत नाही. खाचरातले पाणी बांध फोडून काढावे, जमीन वाफशावर येऊ द्यावी, मगच वाल पेरावा. दोन-चार दिवस उशीर झाला तरी बी कुजण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

पुढे वाल निघाले की भुंगेऱ्याचा त्रास सुरू होतो. तो बहुधा शेंगेवरच्या अंड्यांतून घरात येतो आणि दाणा आतून पोखरतो. नीट वाळलेले वाल जाड हवाबंद पिशवीत काठोकाठ भरून तोंड घट्ट बांधले, तर किड्यांच्या स्वतःच्या श्वसनानेच आतला ऑक्सिजन संपत जातो. त्यांची वाढ थांबते आणि बहुतेक किडे मरतात. यासाठी पिशवी निदान महिना-दोन महिने उघडता कामा नये. स्वयंपाकाला लागतील तेवढे वाल आधीच वेगळ्या डब्यात काढून ठेवावेत, कारण दर आठवड्याला ओंजळभर वालासाठी तोंड सोडले की ताजी हवा आत शिरते आणि भुंगेरे पुन्हा हलू लागतात.