मिक्सरखालचं लाल बटण

ओटीपी मी कुणालाही सांगितला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण बँकेतल्या साहेबांपासून घरच्यांपर्यंत प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. ३१ वर्षं हिशेबखात्यात काढली मी. ताळा लागल्याशिवाय कधी घरी गेले नाही.

होळीचा आदला दिवस. पुरणयंत्र जाऊबाईंकडे अडकलेलं (तो वेगळाच विषय आहे), म्हणून पुरण मिक्सरच्या भांड्यात घातलं. तेही पार निवून घट्ट झालेलं. मिक्सर दोनदा गुरगुरला आणि गप्प. प्लग बदलून पाहिला, भांडं बदलून पाहिलं, ढिम्म.

मोबाइलवर कंपनीचं नाव घालून कस्टमर केअरचा नंबर शोधला. पहिला दिसला तो लावला. पलीकडचा मुलगा काय अदबीनं बोलत होता! ‘माताजी, कल सुबह दस बजे आदमी आ जाएगा.’ पोटच्या पोरानं इतकं गोड बोलावं तर शपथ. नोंदणीचे फक्त ५ रुपये भरायचे होते. त्यासाठी त्याने व्हॉट्सॲपवर एक फाइल पाठवली, नावाच्या शेवटी ‘एपीके’ असं लिहिलेली, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी. ती उघडताना फोनने विचारलंसुद्धा, की हे ॲप अनोळखी आहे, घ्यायचं का? मग विचारलं, एसएमएस वाचू द्यायचे का? तो म्हणाला, ‘अलाउ दबाइए.’ बोटं पुरणाने बरबटलेली, म्हणून करंगळीनं दाबलं. ती करंगळी अजून डोळ्यांसमोर येते. पुढच्या फॉर्मात कार्डाचा नंबर आणि मागचे तीन आकडे मीच भरले.

अर्ध्या तासात ३१ हजार गेले, मग १८ हजार. ओटीपी माझ्याच फोनवर आले होते, पण मी वाचायच्या आत त्या ॲपने ते तिकडे पोचवले. ‘ओटीपी सांगू नका’ हे आपण इतक्या वेळा ऐकलंय. न सांगताही तो जातो, हे कोण सांगतं?

रात्री सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावला. तिसऱ्या खेपेला लागला. त्यांनी तक्रार लिहून घेतली, म्हणून १८ हजार समोरच्या खात्यात अडवले गेले. ३१ हजार तोवर पुढे निघून गेले होते. बँकेच्या हेल्पलाइनवर कार्डही तेव्हाच बंद केलं. दुसऱ्या दिवशी बँकेत गेले, तर साहेबांनी मान वर न करता निकाल दिला : ‘व्यवहार ओटीपीने झालाय, म्हणजे तुम्हीच दिलात.’ त्यांना एपीके म्हणजे काय हे मी समजावलं. मी!

रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आता मला तोंडपाठ आहे. चूक तुमची नसेल, बँकेचीही नसेल, आणि ३ कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर बोजा नाही. चूक तुमची धरली, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, नंतरचं बँकेचं. म्हणून घड्याळ बघून कळवा, तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तो कागदावर लिहा. फोनचा भरवसा नाही. असलं ॲप शिरलंच, तर आधी त्या फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा. सिमकार्डही काढून ठेवा, मेसेज फॉरवर्ड व्हायला इंटरनेटच लागतं असं नाही. मी त्याच फोनवरून फोन करत बसले. बाकी पासवर्ड बदला वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

कंपनीचा नंबर कुठे मिळतो? मिक्सर ज्या खोक्यातून येतो त्यावर. तक्रारीसाठीचा फोन नंबर वेष्टनावर छापणं कायद्याने बंधनकारक आहे. आमचं खोकं माळ्यावर होतं, त्यात दिवाळीच्या पणत्या.

आणि आता जे लिहायला हात धजत नाही ते. धुळवडीनंतर कामाच्या मावशी आल्या. ओटा पुसताना त्यांनी मिक्सर पालथा केला, खालचं लाल बटण आत दाबलं आणि म्हणाल्या, ‘ताई, लोड आला की हे बाहेर येतं. थोडं थांबायचं आन् दाबायचं.’ मिक्सर सुरू झाला. मोटर तापून जळू नये म्हणून ते बटण वीज तोडतं, एवढंच. सहा वर्षं मिक्सर वापरतेय, एकदाही पालथा करून पाहिला नव्हता. मी मावशींना चहा दिला आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

पुरण गरम असतानाच वाटावं, भांडं अर्ध्याहून जास्त भरू नये, थांबत थांबत फिरवावं. जाऊबाईंनी यंत्र वेळेत परत केलं असतं तर हेही लिहावं लागलं नसतं.

अडवलेले १८ हजार अजून माझ्या हातात आलेले नाहीत, पोलिस ठाण्याच्या फेऱ्या चालू आहेत. तुम्ही एवढं करा : आज स्वयंपाकघरात जा, मिक्सरचा प्लग काढा आणि तो पालथा करून बटण कुठे आहे ते बघून ठेवा.