जिवंत पेशींचे मणी: जालन्यात किती खर्च येतो?

जिवंत पेशी जेलच्या बारीक मण्यांत बंदिस्त करून त्यांच्यापासून ऊती घडवण्याचं तंत्र आता पदवीच्या मुलांनाही खुणावतं. जालना, अंबड, परतूरच्या महाविद्यालयांत प्रकल्पासाठी हा विषय घ्यायचा असेल, तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. मणी स्वस्त आहे. पैसा लागतो तो आतली पेशी जिवंत ठेवायला.

तपकिरी समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या सोडियम अल्जिनेटचा थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात पडला की जागीच गोठतो. उष्णता लागत नाही, म्हणून पेशी तगतात. 1980 मध्ये लिम आणि सन यांनी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी अशाच आवरणात घालून मधुमेही उंदरांच्या शरीरात सोडल्या, तेव्हापासून हा पदार्थ प्रयोगशाळांत रुळला.

सुरुवात यीस्टपासून करा. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अर्धा किलो अल्जिनेट साधारण हजार-दीड हजारात येतं. दोन टक्क्यांच्या 100 मिलिलिटर द्रावणाला त्यातलं 2 ग्रॅम लागतं, म्हणजे जेमतेम चार-सहा रुपयांचं. कॅल्शियम क्लोराइड तीन-चारशेला, शिवाय बेकरीचं यीस्ट, सिरिंज, मेथिलीन ब्लू. दोन-अडीच हजारांत वर्गभर मुलांचं वर्षाचं प्रात्यक्षिक निघतं. अल्जिनेट एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, म्हणून चिमटी-चिमटीने टाकून रात्रभर ढवळत ठेवावं. ऑटोक्लेव्ह केल्यास त्याचा घट्टपणा घटतो. फॉस्फेट बफरने मणी धुऊ नयेत, ते हळूहळू विरतात. आणि मोजणीसाठी मणी मुद्दाम विरघळवायचे असतील तेव्हा सोडियम सायट्रेट वापरावं. मेलेलं यीस्ट मेथिलीन ब्लूमध्ये निळं दिसतं, त्यामुळे किती पेशी तगल्या ते साध्या सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

दुसरा टप्पा जालन्याला विशेष शोभतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या बापट, म्हात्रे आणि राव यांनी 1987 मध्ये तुतीचे कोंब अल्जिनेटच्या मण्यांत घालून त्यांच्यापासून रोपं वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. बियाण्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आणि रेशीम कोषांची बाजारपेठ असलेल्या या शहरात हा प्रयोग व्हायलाच हवा. इथे सुटी पेशी नसते, अख्खा कोंब असतो, पण जेलचं काम तेच. वनस्पतिशास्त्र विभागात लॅमिनार फ्लो असेल तर माध्यम, संप्रेरकं आणि काचसामान मिळून पाच-सात हजारांत भागावं.

माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशींकडे वळलात की आकडे लाखांत जातात. कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर तीन लाखांपासून पुढे, बायोसेफ्टी कॅबिनेट दीड-दोन लाख, वर सीरम आणि माध्यम यांचा कायमचा खर्च. पेशींसाठी शुद्ध केलेल्या अल्जिनेटच्या एका ग्रॅमला हजारो रुपये पडतात. सुईतून पडणारा दोन-तीन मिलिमीटरचा मणीही इथे चालत नाही, कारण ऑक्सिजन जेलमधून एक-दोन दशांश मिलिमीटरच खोल नीट पोचतो. बारीक मण्यांसाठी हवेच्या झोताने थेंब तोडणारी सुई किंवा सूक्ष्मप्रवाही चिप लागते. वीज गेली की इन्क्युबेटरचं तापमान उतरतं, म्हणून बॅटरीचा वेगळा खर्चही अंदाजपत्रकात धरा.

एका प्रकल्पासाठी एवढी यंत्रं घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर देशभरच्या संस्थांतली उपकरणं शुल्क भरून वापरायला मिळतात. पेशींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे महाविद्यालयाच्या पत्राने विचारणा करावी. जेलच्या रसायनाबद्दल अडलं, तर जालन्यातच रसायन तंत्रज्ञान संस्थेचा मराठवाडा परिसर आहे, तिथल्या प्राध्यापकांना गाठावं.

दरपत्रक मागवताना जीएसटी, शीतवाहतूक आणि किमान किती माल घ्यावा लागतो, हे लेखी विचारा. वरचे आकडे अंदाजाचे आहेत. कंपनी आणि शुद्धता बदलली की तेही बदलतात. सीरमची मागणी एप्रिल-मेमध्ये टाळा. टाळता येत नसेल तर पार्सल सोमवारी निघेल असं ठरवून घ्या, म्हणजे ते रविवारी कुरिअरच्या गोदामात तापत पडणार नाही.